दोन्ही बाजूंनी उघडी असायची ती बाटल्यांची लॉरी (मॉडेलसाठी माहिती हवी आहे)

बालाघाटी:

मंडळी, निवृत्तीनंतर लाकडाची मॉडेलं करायचा नाद लागलाय. लाल डब्याची एसटी झाली, कापसाची गच्च भरलेली बैलगाडी झाली. आता कोल्ड्रिंकची लॉरी घेतली आहे आणि तिथं घोडं अडलंय.

दोन्ही अंगांनी उघडी, कप्प्यांत कॅरेट रचलेले, वर पत्र्याचं छत आणि छताच्या पट्टीवर जाहिरात, अशी ती गाडी. आमच्या वडिलांचं मांजरसुंब्याच्या फाट्यावर हॉटेल होतं. धुळे-सोलापूर रस्ता आणि नगरहून जामखेड-पाटोद्यावरून केजकडे जाणारा रस्ता तिथं एकमेकांना छेदतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नसायचा. गाडी बीडहून घाट चढून यायची. भरलेल्या बाटल्या बद्द वाजतात, रिकाम्या खणखणीत. वडील गल्ल्यावरून मान वर न करता आवाजावरूनच सांगायचे, "परतीची आहे, आता काही मिळत नाही." मे महिन्यात हे वाक्य ऐकलं की आमचं तोंड उतरायचं, कारण फुटक्या बुचाची, गॅस गेलेली एखादी बाटली आम्हा पोरांच्या वाट्याला यायची ती गाडी भरलेली असेल तरच.

हे सगळं लख्ख आठवतं, पण कप्पे आडवे सपाट होते की तिरके ते आठवत नाही. इंटरनेटवर फोटो मिळतात ते अमेरिकेतल्या गाड्यांचे, चकचकीत आणि शटर लावलेल्या. आपल्याकडं शटर कुठलं? कॅरेट लाकडी होते एवढं नक्की, प्लास्टिकचे कधी आले? आणि छताच्या पट्टीला रंग कोणता देऊ? कुणाच्या घरी जुना फोटो असेल तर फारच उत्तम.

जुनाट_टायर:

तिरके. डोळे मिटून तिरके करा.

आमच्या मामाचं नांदेडला बॉडीचं गॅरेज होतं. तेव्हा ट्रकची नुसती चेसिस यायची. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डोळ्यावर गॉगल लावलेला डायवर उघड्या चेसिसवर बसून शेकडो मैल चालवत आणायचा. मग वरचं घर गावोगावचे मिस्त्री बांधायचे. मालाच्या ट्रकला फार डोकं लागायचं नाही, पण बाटल्यांच्या गाडीला लागायचं. गाडीच्या लांबीत मधोमध एक उभी भिंत घालायची आणि दोन्हीकडचे कप्पे त्या भिंतीकडे उतरते ठेवायचे. मागून पाहिलं तर उघडून ठेवलेल्या पुस्तकासारखं दिसतं. वळणावर, खड्ड्यात, गतिरोधकावर कॅरेटचं वजन आत भिंतीवर रेलतं, बाहेर घसरत नाही. त्यामुळे फाळका नको, दार नको, दोरी नको. क्लीनर रस्त्यावर उभा राहून हात घालतो आणि कॅरेट ओढून खांद्यावर घेतो. गाडीत चढायची गरजच नाही. दिवसाला पन्नास दुकानं करायची तर एवढी सोय लागतेच.

यात एक मेख होती. माल एकाच अंगानं उतरवत गेलं की गाडी कलायची. म्हणून एक दुकान डावीकडून, दुसरं उजवीकडून. आणि भरलेला कॅरेट काढला त्याच जागी रिकामा घालायचा. चोवीस बाटल्या म्हणजे २५० मिलीच्या हिशोबानं पेय फक्त सहा लिटर, पण काचेचं वजन पेयापेक्षा जास्त. रिकामी गाडी हलकी, असं त्या धंद्यात नव्हतंच. जाताना काच, येतानाही काच.

कप्प्याच्या बाहेरच्या कडेला पत्र्याची दोन बोटं उंच पट्टी असायची, ती विसरू नका.

कडबा:

तुमी फाट्यावरले लोक नशीबवान. आमच्या गावात लॉरी कव्हाच आली न्हाई. रस्ताच नव्हता तर येती कशानं? बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आज्यानं अन् आजीनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, तव्हा कुठं गावापस्तोर मुरूम पडला. त्या मुरमावरनं पयली एसटी आली अन् एसटीच्या टपावर कोल्ड्रिंकचा कॅरेट. वाटंत ऊन खाऊन बाटल्या अशा तापायच्या की बूच काढलं की निम्मी बाटली फेसानं भायर. तरी पोरं फेस चाटायची. बाकी दिवस गोटी सोडा हायेच की. त्याला ना लॉरी लागती ना बूच, अंगठ्यानं गोटी आत ढकलली की झालं.

लॉरी मी पयल्यांदा बगितली ती येरमाळ्याच्या चैत्री यात्रंत. लोक चुन्याचे खडे येचायला गेलते अन् मी गाडीच्या सावलीत बसून बाटल्या बगत बसल्तो. आईनं कान धरून नेलं. बाटली काय घेऊन दिली न्हाई, उसाचा रस पाजला. म्हणली, त्यात काय हाय, रंगाचं पाणी.

मीटरगेज:

@कडबा, आई बरोबर बोलल्या, पण रंगाच्या पाण्याचं बूच मात्र सोन्याचं होतं. पूर्णा जंक्शनला वाढलो. बुचातला आतला गोल (आधी खऱ्याखुऱ्या कॉर्कचा असायचा, नंतर प्लास्टिकचं पातळ अस्तर आलं) नखानं अलगद काढायचा. बूच शर्टाच्या बाहेरून आणि तो गोल आतून लावून दाबला की बिल्ला तयार. ज्याच्या खिशावर जास्त बिल्ले तो कप्तान. उरलेली बुचं मीटरगेजच्या रुळावर ठेवायची. गाडी गेली की पत्र्याची धारदार चकती मिळायची, तिला दोन भोकं पाडून दोरा ओवला की भिंगरी. आज एखाद्या पोराला असं करू द्याल का?

लॉरी आली की आम्ही दुकानदाराच्या आधी हजर. क्लीनर हाकलायचा. मोठ्या दिलाचा होता तो, हैदराबादी बोलायचा, "चलो रे बच्चो, माल कू हात नक्को लगाव" म्हणत म्हणत मूठभर बुचं द्यायचा.

चिकलठाणकर:

रंगाबद्दल थोडं, म्हणजे सालाबद्दल थोडं. धाग्यात कुणी म्हणेल की ८० साली कोकाकोलाची लाल गाडी पाहिली, म्हणून आधीच लिहून ठेवतो. कोकाकोला १९७७ मध्ये भारतातून गेली. फेरा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली परदेशी भागीदारी ४० टक्क्यांवर आणा असं सरकारनं सांगितलं, कंपनीला फॉर्म्युला हातचा जाऊ द्यायचा नव्हता, आणि जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री. त्याच वर्षी पार्लेनं थम्सअप आणलं. सरकारनंही 'डबल सेव्हन' नावाचा कोला काढला, मॉडर्न फूड्सकडून, म्हैसूरच्या संशोधन संस्थेचा फॉर्म्युला. लोकांनी पाव तेवढा मॉडर्नचा खाल्ला. दिल्लीकडं पूर्वी कोकाकोला भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सनं कॅम्पा काढला.

म्हणजे बालाघाटींच्या लॉरीवर थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट ही तीनच नावं शोभतील. गोल्डस्पॉट तर पन्नाशीच्या दशकापासूनचं, थम्सअपचं थोरलं भावंड. पण सगळीकडं एकच रंग होता असं समजू नका. पार्ले अर्क द्यायची, पाणी, साखर, गॅस आणि बाटल्या हा कारभार त्या त्या भागातल्या बॉटलरचा. गाडीही त्याचीच. त्यामुळे रंग त्याच्या मर्जीचा आणि पेंटरच्या कुवतीचा.

महत्त्वाचं: पेप्सी १९९० मध्ये 'लेहर पेप्सी' म्हणून आली तेव्हा थम्सअपनं २५० ची बाटली ३०० मिलीची केली, 'महाकोला'. म्हणजे बाटली बदलली. तुमचं मॉडेल ८५ च्या आधीचं असेल तर जुनी छोटी बाटली धरा. १९९३ मध्ये कोकाकोला परत आली आणि थम्सअप, लिम्का, गोल्डस्पॉट, सिट्रा, माझा सगळं विकत घेऊन बसली. आग्र्याला त्यांचा सोहळा झाला ऑक्टोबरात. आपल्याकडं ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला. त्या महिन्यात मराठवाड्यात कोणाला काय सुचत होतं!

परभणीची_माहेरवाशीण:

माझ्या आठवणीतली लॉरी लग्नातली आहे. मांडवापाशी येऊन थांबायची. तेव्हा वऱ्हाडाला थंड देणं म्हणजे ऐपतीचा मामला. सगळ्यांना कुठून देणार? जावई, व्याही, मामा, पाहुण्यांतले मास्तर आणि तलाठी एवढ्यांना बाटली, बाकीच्यांना पत्र्याच्या पिंपातलं सरबत. बर्फ कारखान्यातून लादी यायची, भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेली. ती दगडानं फोडून हौदात टाकायची, वरून खडे मीठ, आणि त्यात बाटल्या बुडवायच्या. हौदावर एक विश्वासू माणूस बसवलेला असायचा, बहुतेक आत्याचे यजमान, कारण ते रुसू नयेत म्हणून त्यांना काहीतरी अधिकार द्यावा लागायचा.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांना थम्सअपच पाहिजे होतं आणि आला होता नुसता लिम्का. केवढं रामायण! वडील सायकलवरून स्टँडपर्यंत जाऊन आले. आम्ही बायकांनी त्या दिवशी बाटलीला तोंडसुद्धा लावलं नाही, पण दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्या मोजायला आम्हीच. परकरात घालून मोजल्या. पाच कमी भरल्या, त्या डिपॉझिटवरून वडील आणि काका आठवडाभर बोलले नाहीत. लॉरीबद्दल गोड आठवण काढायची म्हटलं की मला आधी ते आठवतं.

रिकामा_कॅरेट:

ताई, तुमच्या वडिलांसारखी शेकडो माणसं माझ्यासमोर उभी राहिली आहेत. मी जालन्याला एका एजन्सीत मोजणीला होतो. नाव सांगत नाही, मालक गेले आता.

लोकांना वाटतं धंदा पेयाचा होता. धंदा बाटलीचा होता. पेय संपून जातं, बाटली परत यायला हवी. तिची किंमत आतल्या पेयापेक्षा जास्त, म्हणून डिपॉझिट. आमच्या वहीत दोन खाती, माल आणि खाली. 'खाली' म्हणजे रिकाम्या बाटल्या. मालाची उधारी एखादा महिना चालायची, खालीची उधारी एक दिवस नाही. दुकानदारानं चोवीस खाली दिल्या तर चोवीस भरलेल्या मिळणार. तेवीस दिल्या तर एकाचं डिपॉझिट रोख. पाटलाचा मुलगा असो की फौजदार.

मग दुकानदार काय करायचे? दुसऱ्या कंपनीची बाटली मध्ये घुसवायचे. टवका उडालेली बाटली ओठ आतल्या बाजूला करून ठेवायचे. म्हणून मी कॅरेटवर नुसती नजर टाकत नसे, चोवीस तोंडांवरून तळहात फिरवायचो. टवका लगेच हाताला लागतो. कितीदा हात कापला, त्याचं काही नाही. तशी बाटली कारखान्यात गेली तर बूच नीट बसत नाही, गॅस निघून जातो. कारखान्यात गरम कॉस्टिकच्या पाण्यातून धुऊन, उजेडासमोर धरून पुन्हा तपासायचे, पण तिथवर जाऊच द्यायची नाही हे आमचं काम.

बालाघाटी, मॉडेलसाठी एक खूण सांगतो. जुन्या बाटलीच्या खांद्यावर आणि बुडाजवळ पांढरा खरबरीत पट्टा असायचा. बाटल्या एकमेकींना घासून घासून पडलेला. नावाचा रंग काचेवर भाजून बसवलेला, तोही झिजलेला. नवी कोरी बाटली क्वचितच दिसायची. तुमच्या बाटल्या जर सगळ्या चकचकीत केल्या तर मला त्या खोट्या वाटतील.

आणि मालकाबद्दल. डिपॉझिट घेताना एक भाव, परत देताना दुसरा भाव लावायचे. खेड्यातल्या माणसाला पावती नाही. मी नोकर होतो, लिहीत होतो.

खडकाळ:

सगळं वाचतोय. छान आहे. पण कुणी पाण्याबद्दल बोलणार आहे का? ज्या मराठवाड्यात उन्हाळा लागला की टँकर, त्याच मराठवाड्यात बाटल्या धुवायला पाणी कुठून येत होतं? २०१६ विसरलात? एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं की मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापा, बाकी उद्योगांचंही कमी करा. लॉरीच्या आठवणीनं गहिवरायचं असेल तर गहिवरा, पण लॉरीच्या मागून टँकर येत होता तोही मॉडेलमध्ये दाखवा.

जुनाट_टायर:

@खडकाळ, मद्याचा निकाल सरबताच्या डोक्यावर का फोडता? आणि १९८० ची गाडी २०१६ च्या पाण्यानं कशी धुणार?

खडकाळ:

१९८० ला काय जायकवाडी आमच्या वावरात वाहत होतं का?

रिकामा_कॅरेट:

ते खोटं बोलत नाहीत. काचेची बाटली म्हणजे धुणं आलंच, आणि धुणं म्हणजे पाणी. पण आज प्लास्टिकची बाटली धुवावी लागत नाही, ती नाल्यात जाते. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बाटली परत घेऊन पैसे द्यायची तरतूद केली होतीच की. तुमच्या गल्लीत कुणी परत घेतली का? आमच्या वहीतलं 'खाली' खातं हिशोबाला कडू होतं, पण बाटली रस्त्यावर पडलेली दिसत नव्हती. पडली तर पोरं उचलून दुकानात आणायची, पैसे मिळायचे म्हणून.

धागा_राखणदार:

पाण्यावर चर्चा करायची असेल तर स्वतंत्र धागा काढावा. इथं मॉडेलवर बोलू या.

मीटरगेज:

अवांतर: मनमाडच्या अलीकडं अंकाई-टंकाईजवळ सुळका दिसतो, हडबीची शेंडी. औरंगाबादहून मुंबईला जाताना आख्खा डबा खिडकीशी गोळा होतो, "तो बघ थम्सअपचा डोंगर!" हुबेहूब अंगठा. आमच्या मुलांना शेंडी म्हटलेलं कळतच नाही. बालाघाटी, मॉडेल ठेवायच्या फळीवर मागं हा सुळका रंगवून टाका.

कडबा:

तो नाशिक जिल्ह्यात हाय. आपला न्हाई.

मीटरगेज:

खिडकी आपली आहे ना!

बालाघाटी:

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कप्पे तिरके करून पाहिले आणि एकदम ती गाडी ओळखीची वाटायला लागली. आधी सपाट ठेवले होते तेव्हा ती पुस्तकांची मांडणी दिसत होती. पाच नंबरच्या पॉलिश पेपरनं बाटल्यांच्या खांद्याला पट्टाही काढून बघतो.

@खडकाळ, टँकर करणार आहे. थट्टा नाही. आमच्या हॉटेलापुढं मे महिन्यात दोन्ही गाड्या उभ्या असायच्या, आणि वडील टँकरवाल्याला थम्सअप फुकट पाजायचे, म्हणजे तो आमच्या टाकीत पाणी जरा जास्त सोडायचा. हेही लिहायला हवं होतं.

केबिनचं विचारायचं राहिलं. नाकवाली टाटा करू की सपाट तोंडाची?

जुनाट_टायर:

तुमच्या काळाला नाकवालीच. मोठी गाडी कारखान्यातून एजन्सीपर्यंत आणि मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांना. गल्लीबोळाला मॅटाडोर. टाटा ४०७ आली १९८६ ला, तिनं पुढं दोघींचंही काम खाल्लं. आता छोटा हत्ती येतो, माल प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला, मागं ताडपत्री. डायवरच माल उतरवतो, डायवरच बिल फाडतो. क्लीनर ही जातच संपली.

परभणीची_माहेरवाशीण:

आणि रंग? रंग कोणता ते कुणी सांगितलंच नाही.

चिकलठाणकर:

पेंटरला विचारा म्हणालो ना. मला औरंगपुऱ्यातली आठवते ती वर पांढरी पट्टी, त्यावर निळी किनार आणि लाल अंगठा. पण खाली चिखलाचा रंग पक्का, तो सगळ्या कंपन्यांचा एकच.

रिकामा_कॅरेट:

जालन्याची हिरवी होती. आमच्या मालकाकडं एका पाटीच्या कामाचा हिरवा ऑइलपेंट उरला होता.

बालाघाटी:

मग हिरवीच करतो, जालन्याला मान. आता शेवटचा प्रश्न, मापाचा. जुना लाकडी कॅरेट कुणाकडं आहे का? बाटल्यांच्या हिशोबानं सहा बाय चार धरून मी आतून साधारण दीड फूट बाय एक फूट काढलंय. एकास बारा या प्रमाणात दीड इंच बाय एक इंच. पण उंची अडतेय. बाटल्या कॅरेटच्या वर किती डोकावायच्या?

कडबा:

हाय माज्याकडं. आजी त्यात अंडी उबवाया कोंबडी बसवायची. मधल्या फळ्या काढून टाकल्यात, पण भायरचं माप मिळंल. कोंबडी सध्या बसल्याली हाय, ती उठली की मोजतो.

बालाघाटी:

कोंबडीला घाई करू नका. पण प्रत्येक कॅरेटमध्ये चोवीस बाटल्या कोरायच्या म्हणजे माझं उरलेलं आयुष्य त्यात जाणार.

जुनाट_टायर:

कशाला? कप्पे आत उतरते आहेत. बाहेरून फक्त पुढची ओळ दिसते. लांब अंग बाहेर ठेवा, कॅरेटला सहा बाटल्या कोरा, मागं नुसत्या लाकडी काड्या उभ्या करा.

रिकामा_कॅरेट:

दुकानदार पण हेच करायचे. मी मागं हात घालून बघणार आहे.